विश्लेषण : ‘पानी’ अशुद्ध आणि ‘पाणी’ शुद्ध, हे ठरवते कोण? कॅरिबियन कवींचा प्रश्न कुरखेड्याच्या शाळेत

ब्रिटनमधील शाळकरी मुले आज इंग्रजीच्या तासाला ग्रेस निकोल्स आणि जॉन अगार्ड यांच्या कविता वाचतात. हे दोघेही गयानातून १९७७ मध्ये ब्रिटनला गेलेले कवी. ज्या कॅरिबियन इंग्रजीला एकेकाळी ‘मोडकी’ म्हणून हिणवले गेले, तीच त्यांनी कवितेत आणली आणि ब्रिटनच्या राजघराण्याचे काव्यासाठीचे सुवर्णपदक दोघांनाही मिळाले. घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि घरची म्हणजे चुकीची, हा अनुभव गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा परिसरालाही नवा नाही. फरक इतकाच की, इथल्या माणसांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. झाडीबोली आणि गोंडी यांच्या वाट्याला नेमके काय आले आणि आता काय पणाला लागले आहे, याविषयी...

कुरखेडा परिसरात कोणत्या भाषा बोलल्या जातात?

सती नदीकाठचे कुरखेडा हे उत्तर गडचिरोलीतील तालुक्याचे गाव. पश्चिमेला वडसा म्हणजे देसाईगंज, उत्तरेला गोंदिया जिल्ह्याची हद्द, पूर्वेला कोरची आणि कोरचीपलीकडे छत्तीसगड. भातशेती, मोहफूल, तेंदूपाने आणि जंगल यांवर इथले जगणे अवलंबून आहे. जिल्हा जरी २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला असला, तरी भाषेचा नकाशा जिल्ह्याच्या सीमेपेक्षा फार जुना आहे.

या पट्ट्यात बाजारात झाडीबोली ऐकू येते. गोंड समाजाच्या अनेक घरांत गोंडी बोलली जाते. हलबा समाजाची हलबी आहे, कंवर समाज आणि सीमेलगतच्या गावांत छत्तीसगडी आहे. बाजारच्या दिवशी एकच माणूस दुकानदाराशी एका भाषेत, नातेवाइकाशी दुसऱ्या भाषेत आणि तहसील कचेरीत तिसऱ्या भाषेत बोलतो. शहरातल्या माणसाला तीन भाषा आल्या तर ते कौशल्य ठरते. इथे मात्र पहिल्या दोन भाषांची नोंद अर्जात, परीक्षेत किंवा मुलाखतीत कुठेच होत नाही. मोजली जाते ती फक्त तिसरी.

झाडीबोली म्हणजे नेमके काय?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील जंगलव्याप्त मुलखाला ‘झाडीपट्टी’ म्हणतात. तिथली मराठी ती झाडीबोली. वऱ्हाडी किंवा नागपुरीचाच हा एक प्रकार, असा सर्वसाधारण समज होता. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा स्वतंत्र अभ्यास मांडला, तिचा शब्दकोश केला आणि झाडीबोली साहित्य चळवळ उभी केली. गेल्या तीन दशकांपासून झाडीबोलीची साहित्य संमेलने खेड्यापाड्यांत भरतात.

या बोलीचे एक वैशिष्ट्य कानाला लगेच कळते. प्रमाण मराठीतील ण, छ, श, ष आणि ळ ही पाच व्यंजने झाडीबोलीत नाहीत. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि उरलेल्या तिघांच्या जागी ‘स’. त्यामुळे पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो आणि शेळी ‘सेरी’ होते. हा उच्चाराचा आळस नाही. बोलणारा प्रत्येक जण, प्रत्येक वेळी हाच बदल करतो. म्हणजेच हा नियम आहे. ज्या बोलण्याला नियम असतो, त्याला भाषाशास्त्रात चूक म्हणत नाहीत.

शब्दसंपत्तीही मुलखाच्या कामातून आली आहे. भाताच्या शेताच्या तुकड्याला बांदी, तिच्या बांधाला धुरा, रोपांना पऱ्हे, लावणीला रोवणी आणि छोट्या तळ्याला बोडी म्हणतात. कोकणातही भात पिकतो, पण तिथले शब्द वेगळे आहेत. झाडीबोली टिकली नाही तर हे शब्द गेलेले कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण प्रमाण मराठीच्या रोजच्या वापरात ते आलेच नाहीत.

कॅरिबियन कवींचा प्रश्न काय होता?

कॅरिबियन बेटे आणि लगतच्या गयानात युरोपीय मळेवाल्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसे एकाच मळ्यावर कामाला जुंपली गेली. आपसांत बोलायला त्यांच्याकडे मालकाच्या भाषेतले शब्द होते आणि स्वतःच्या भाषांची घडण होती. त्यातून ‘क्रिओल’ भाषा जन्माला आल्या. गुलामी संपल्यावर १८३८ पासून भारतातून गिरमिटिया मजूर गयानात नेले गेले, त्यांनीही आपले शब्द त्यात घातले. शाळेत मात्र लंडनची इंग्रजी चालायची. घरी बोलली जाणारी ती ‘ब्रोकन इंग्लिश’.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजूर हवे होते. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन प्रवाशांना घेऊन ब्रिटनच्या किनाऱ्याला लागले आणि स्थलांतराची मोठी लाट सुरू झाली. या कुटुंबांतील मुले ब्रिटिश शाळांत गेली, तेव्हा त्यांच्या बोलण्यावरून त्यांची बुद्धी जोखली गेली. ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये एक पुस्तिका लिहून दाखवून दिले की, कॅरिबियन मुलांना मतिमंद मुलांच्या शाळांत मोठ्या प्रमाणावर ढकलले जात आहे. त्यामागच्या कारणांत भाषा हे एक प्रमुख कारण होते. मुलाला उत्तर येत असे, पण ते शिक्षकाला हव्या त्या इंग्रजीत येत नसे.

या पार्श्वभूमीवर ग्रेस निकोल्स यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव पाहण्यासारखे आहे. १९८३ मध्ये आलेल्या ‘आय इज अ लाँग मेमरीड वुमन’ या संग्रहाला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. नावातील ‘आय इज’ ही शालेय व्याकरणानुसार ढोबळ चूक. निकोल्स यांनी ती मुखपृष्ठावरच ठेवली. आफ्रिकेतून मळ्यावर आणलेल्या बाईची आठवण सांगायची, तर ती तिच्याच क्रियापदात सांगावी लागेल, असा त्याचा अर्थ. विदर्भातील अनेक गावांत बाईही सहज ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणते. पुण्यात शिकायला गेलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात याच वाक्यावरून हसू ऐकावे लागते. ‘आय इज’ आणि ‘मी जातो’ यांचे दुखणे एकाच जागचे आहे.

‘नेशन लँग्वेज’ ही कल्पना काय आहे?

बार्बाडोसचे कवी कमाऊ ब्रेथवेट (१९३०-२०२०) यांनी या प्रश्नाला सिद्धांताचे रूप दिले. ‘हिस्टरी ऑफ द व्हॉइस’ हे त्यांचे छोटे पुस्तक १९८४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. ‘डायलेक्ट’ या शब्दाला हिणवण्याचा वास येतो, म्हणून त्यांनी कॅरिबियन लोकांच्या इंग्रजीला ‘नेशन लँग्वेज’ असे नाव दिले.

त्यांचा मुद्दा केवळ शब्दांपुरता नव्हता. वादळे झेलणाऱ्या बेटांवरच्या मुलांना शाळेत इंग्लंडच्या बर्फाच्या कविता शिकवल्या जात. परिणामी बर्फ कधीही न पाहिलेली मुले निबंधात उसाच्या मळ्यावर बर्फ पाडत. डोळ्यांसमोरचे वादळ मात्र लिहिता येत नसे, कारण त्याला शब्द आणि लय पुस्तकाने दिलेली नव्हती. भाषा बदलली की नुसता उच्चार बदलत नाही, लिहिण्याजोगे काय आहे याचीही समज बदलते, हे ब्रेथवेट यांचे म्हणणे.

कुरखेड्याच्या मुलाला ‘पावसाळा’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला तर त्याच्यासमोर रोवणी असते, चिखलातले पऱ्हे असतात, भरलेली बोडी असते. निबंधाच्या मार्गदर्शकात मात्र मोर नाचतो आणि इंद्रधनुष्य दिसते. गुण कशाला मिळतील हे मुलाला फार लवकर कळते.

बोली म्हणजे फक्त विनोदासाठी?

जमैकाच्या लुईस बेनेट (१९१९-२००६) या कवयित्रीचे उदाहरण झाडीपट्टीला अधिक जवळचे आहे. ‘मिस लू’ या नावाने त्या घराघरांत पोहोचल्या होत्या. लंडनच्या नाट्य अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले, पुढे कॅनडात स्थायिक झाल्या, पण लिहिले जमैकन क्रिओलमध्येच. त्यांच्या कार्यक्रमांना तुडुंब गर्दी होई. तरीही साहित्याच्या जगात त्यांची गणना कित्येक वर्षे कवींमध्ये होत नव्हती. करमणूक करणारी बाई, एवढीच ओळख होती. बेनेट यांना गंभीरपणे वाचा, असे सांगण्यासाठी मर्विन मॉरिस यांना १९६० च्या दशकात स्वतंत्र निबंध लिहावा लागला.

झाडीपट्टीतही बोलीची सर्वांत मोठी सार्वजनिक जागा म्हणजे रंगमंच. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके चालतात. वडसा हे नाटक कंपन्यांचे केंद्र. शासकीय अनुदानावर नव्हे, तर तिकिटावर चालणारी ही रंगभूमी आहे. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या इतर भागांतील अनेकांनी ‘झाडीपट्टी रंगभूमी’ हा शब्द प्रथमच ऐकला. हजारो प्रयोग केलेल्या खुणे यांची बातम्यांतील ओळख होती ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’.

ही ओळख प्रेमाची आहे. पण तिच्यात एक जुनी सवयही दडलेली आहे. नायक प्रमाण मराठीत बोलणार आणि गडी किंवा विनोदी पात्र बोलीत बोलणार, ही वाटणी मराठी नाटक-सिनेमाने वर्षानुवर्षे पाळली. हसवायला बोली चालते. न्यायालयात बाजू मांडायला, प्रेम व्यक्त करायला, शोक करायला मात्र ‘शुद्ध’ भाषा लागते, असा त्याचा अर्थ निघतो. झाडीबोली साहित्य चळवळीचे महत्त्व इथे आहे. बोलीत कविता, कथा, समीक्षा लिहिणे म्हणजे हसण्यापलीकडच्या कामांसाठी ती वापरून पाहणे.

गोंडीचा प्रश्न वेगळा का आहे?

झाडीबोली ही मराठीची बोली आहे, गोंडी नाही. गोंडी ही द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे. तमिळ, तेलुगू, कन्नड यांच्याशी तिचे रक्ताचे नाते आहे. गोंडीत तीनला ‘मूंद’ आणि चारला ‘नालूंग’ म्हणतात, तेलुगूत ‘मूडू’ आणि ‘नालुगू’. झाडाला गोंडीत ‘मरा’, कन्नडमध्ये ‘मर’. मेंढा-लेखा गावाच्या लढ्यामुळे राज्यभर पोहोचलेली ‘मावा नाटे मावा राज’ ही घोषणा गोंडीच आहे. तिचा अर्थ, आमच्या गावात आमचे राज्य.

उलट दिशेने पाहिले तर मराठीवरही द्राविडी भाषांचे ऋण आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हटले की तोही सामील होतो. हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या सहवासातून आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या भाषांना शाळेच्या दारात थांबवले जाते, त्यांच्या कुळाने मराठीचे व्याकरण घडवायला हातभार लावला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख लोक आहेत. तरीही गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत नाही. बोडो, संथाली, मैथिली आणि डोगरी यांना २००३ च्या घटनादुरुस्तीने तिथे स्थान मिळाले. गोंडीची मागणी प्रलंबित आहे. एक अडचण भूगोलाची आहे. गोंडी बोलणारा मुलूख महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांत विभागला गेला. भाषावार प्रांतरचनेत मराठीला महाराष्ट्र मिळाला, तेलुगूला आंध्र मिळाला. गोंडीच्या वाट्याला प्रत्येक राज्याचा कोपरा आला. त्यामुळे नागपूरकडील गोंडीत मराठी शब्द शिरले, आदिलाबादकडे तेलुगू आणि मंडल्याकडे हिंदी.

मराठी कवितेत हा सूर कोणी आणला?

मराठी वाचकाला कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मुख्यतः अमेरिकेमार्गे झाला. १९७२ मधील ‘दलित पँथर’चे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले. आदिवासी साहित्याचा प्रवाह त्यानंतर स्वतंत्रपणे पुढे आला. १९७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे आदिवासी साहित्य संमेलन झाले. विनायक तुमराम, वाहरू सोनवणे, उषाकिरण आत्राम, कुसुम अलाम अशी नावे पुढच्या काळात ठळक झाली.

भाषेच्या अंगाने सर्वांत धीट प्रयोग भुजंग मेश्राम यांनी केला. यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या या कवीचा ‘उलगुलान’ हा संग्रह १९९० चा. शीर्षकातील शब्द बिरसा मुंडांच्या उठावाचा, म्हणजे मराठीही नाही आणि गोंडीही नाही. मेश्राम यांच्या मराठी कवितेत गोंडीसह इतर आदिवासी-भटक्या समाजांच्या बोलींतले शब्द येतात. वाचणाऱ्याला अडखळायला होते. आदिवासी मुलाला पाठ्यपुस्तकात जसे रोज अडखळावे लागते, तसेच हे आहे, फक्त बाजू बदलली आहे. मेश्राम यांचे २००७ मध्ये निधन झाले. ‘अभुज माड’ हा संग्रह त्यानंतर आला.

उषाकिरण आत्राम यांनी गोंडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लेखन केले. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी गोंडी भाषा, व्याकरण आणि संस्कृतीवर आयुष्यभर काम केले. निकोल्स किंवा ब्रेथवेट यांना लंडनमध्ये प्रकाशक मिळाले, पुढे विद्यापीठे मिळाली. इथल्या बहुतेक लेखकांनी नोकरी सांभाळून, छोट्या प्रकाशनांतून आणि अनेकदा पदरमोड करून हे काम केले आहे.

दोन्हीकडची परिस्थिती सारखीच आहे का?

पूर्णपणे नाही. कॅरिबियन लोकांच्या मूळ आफ्रिकी भाषा गुलामीत तोडल्या गेल्या. त्यांच्याकडे परत जाण्यासाठी जुनी भाषा उरली नव्हती, म्हणून त्यांनी मालकाच्या भाषेतूनच आपली भाषा घडवली. गोंडी मात्र अजून जिवंत आहे, घरात बोलली जाते. ती वाचवण्याची संधी आहे आणि म्हणूनच ती गमावण्याची जबाबदारीही आजच्या पिढीवर येते.

दुसरा फरक स्थलांतराचा. ग्रेस निकोल्स सत्ताविशीत स्वतःहून परदेशी गेल्या. कुरखेड्याच्या मुलासाठी परका मुलूख सहाव्या वर्षी, गावातल्याच शाळेच्या दारात सुरू होतो. पुढे शिक्षणासाठी नागपूर किंवा पुणे गाठले की दुसरे स्थलांतर होते. तेव्हा बोली टाकून देणे सोपे वाटते, कारण वसतिगृहात कोणी हसत नाही. सुट्टीत घरी आल्यावर तोच मुलगा आजीशी प्रमाण मराठीत बोलू लागतो. आजीला सगळे कळते. तरी नातू शिकून मोठा झाला याचा आनंद आणि तो थोडा परका झाला याची रुखरुख, दोन्ही तिच्या वाट्याला येतात.

शाळेत नेमके काय घडते?

पहिलीच्या वर्गात दोन प्रकारची मुले असतात आणि त्यांची अडचण वेगवेगळी असते. झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला गोष्ट समजते, पण कानाला ‘पानी’ ऐकू येत असताना ‘पाणी’ लिहायचे असते. श, ष आणि स या तीन अक्षरांसाठी त्याच्याकडे एकच ध्वनी असतो. श्रुतलेखनात लाल खुणा वाढतात. गोंडी बोलणाऱ्या मुलाला मुळात शिक्षक काय सांगतात हेच कळत नाही. ते गप्प बसते आणि गप्प बसणारे मूल ‘मठ्ठ’ ठरते. लंडनमध्ये कोर्ड यांनी १९७१ मध्ये मांडलेली तक्रार हीच होती.

कायद्यात याचा विचार झालेला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी सोयी कराव्यात, असे घटनेचे कलम ३५० अ सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये, शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे. पण ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांत सगळी अंमलबजावणी अडकते. गोंडी येणारे शिक्षक किती, पुस्तके कोणत्या लिपीत आणि कोणत्या भागाच्या गोंडीत, हे प्रश्न लगेच उभे राहतात.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने या प्रश्नांची वाट न पाहता २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गोटुल या पारंपरिक संस्थेच्या धर्तीवर तिची रचना करण्यात आली. मान्यता नसल्याने ती अनधिकृत ठरवणारी नोटीस प्रशासनाने २०२२ मध्ये बजावली आणि वाद उच्च न्यायालयात गेला. ग्रामसभेला घटनेने दिलेला अधिकार आणि शाळेसाठी लागणारी शासनमान्यता यांतला हा पेच आहे. एका छोट्या गावातील शाळेपेक्षा त्याची व्याप्ती मोठी आहे.

बोलीत शिकून नोकरी मिळेल का?

पालकांचा हा सवाल रास्त आहे आणि तो टाळून भाषेची बाजू मांडता येत नाही. शेती तुटपुंजी असलेल्या घरातील मुलाने स्पर्धा परीक्षा द्यावी, इंग्रजी शिकावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. बोली जपण्याचा भार फक्त गरिबांच्या मुलांवर टाकायचा आणि शहरातल्यांनी आपली मुले इंग्रजी शाळेत घालायची, यात दांभिकपणा आहे.

पण ‘एक घ्यायची तर दुसरी सोडायची’ ही मांडणीच चुकीची आहे. घरच्या भाषेत वाचनाची पायाभरणी झालेले मूल दुसरी भाषाही चांगली शिकते, असे जगभरातील शिक्षणतज्ज्ञ सांगतात. कॅरिबियन कवींनीही प्रमाण इंग्रजी नाकारली नाही. निकोल्स यांच्या एकाच संग्रहात दोन्ही इंग्रजी नांदतात. कुठे कोणती वापरायची हे त्या ठरवतात. वर्गातही हे करता येते. ‘पानी चूक आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘आपण घरी पानी म्हणतो, वहीत पाणी लिहितो’ असे शिक्षकाने सांगितले तर मुलाला दोन्ही शब्द मिळतात. यासाठी ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

शिवाय बोलीला व्यवहारात किंमत नाही, हेही पूर्ण खरे नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या पोलीस भरतीत गोंडी-माडिया भाषांच्या ज्ञानावर स्वतंत्र लेखी परीक्षा घेतली गेली आहे. आरोग्य सेविका, वनरक्षक, ग्रामसेवक, बँक प्रतिनिधी यांना गावात काम करायचे तर लोकांची भाषा यावी लागते. ताप किती दिवसांपासून आहे, हे रुग्णाला स्वतःच्या भाषेत सांगता आले नाही तर उपचार चुकू शकतो.

तंत्रज्ञान मदतीला येईल का?

गोंडीसाठी काही पाया तयार आहे. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांतून दुसरी लिपी समोर आली. संगणक आणि मोबाइलवर कोणतेही अक्षर दिसण्यासाठी त्याला युनिकोडमध्ये क्रमांक मिळावा लागतो. मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. दोन्हींचे मोफत फाँट उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात मात्र गोंडी बहुतेक वेळा देवनागरीतच लिहिली जाते. सहा राज्यांतील गोंडी भाषकांना एकमेकांचे शब्द कळावेत, यासाठी झालेल्या कार्यशाळांतून सुमारे तीन हजार शब्दांचा प्रमाणित कोशही २०१८ मध्ये तयार झाला.

झाडीबोलीची तांत्रिक अडचण वेगळी आहे. लिपी देवनागरीच आहे, पण मराठीसाठीची शुद्धलेखन तपासणी आणि आवाजावरून टंकलेखन या सुविधा प्रमाण मराठीच्या मजकुरावर घडतात. त्या बोलीतला शब्द चूक म्हणून दाखवतात किंवा ‘दुरुस्त’ करतात. शाळेतली लाल शाई आता मोबाइलच्या पडद्यावरही येते. बोलीतला मजकूर आणि ध्वनिमुद्रणे जितकी वाढतील, तितकी ही उणीव भरून निघेल. रात्रभर चालणाऱ्या नाटकांची मुद्रणे यासाठी मोठा साठा ठरू शकतात.

पुढे काय?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी पुरावे दिले गेले ते जुन्या ग्रंथांचे आणि शिलालेखांचे. दर्जा मिळाल्यानंतरच्या कामात बोलींचे शब्दकोश, नमुने आणि अभ्यास यांना किती जागा मिळते, यावर झाडीबोलीचा लाभ अवलंबून आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हे काम करण्यासाठी त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

त्याआधी एक साधा रकाना येणार आहे. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्यात प्रत्येकाला मातृभाषा विचारली जाते. २०११ मध्ये देशभरातून या रकान्यात १९ हजार ५६९ वेगवेगळी नावे आली होती. छाननीनंतर त्यांतून १ हजार ३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या भाषांची संख्या १२१ ठरली. गोंडी बोलणाऱ्या घरात कागदोपत्री सोयीसाठी ‘मराठी’ सांगितले गेले तर गोंडीचा आकडा घटतो आणि शिक्षक, पुस्तके, अनुसूची या सर्व मागण्यांचा आधारच कमी होतो. झाडीबोली सांगणाऱ्यांची गणना अखेर मराठीखालीच होईल, पण किती लोकांनी ते नाव घेतले याची नोंद तरी राहते.

कॅरिबियन कवींनी ‘चुकीचे’ क्रियापद पुस्तकाच्या नावात घातले आणि वाचकाला त्याची सवय लावली. कुरखेड्यातील कुटुंबांना प्रगणकाच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. ‘तुमची मातृभाषा कोणती’ असे विचारल्यावर घरात जी बोलली जाते तीच सांगणे, एवढेच.